ओळख ना पाळख

उश्गुलीच्या अलीकडे डेलिका पुन्हा चिखलात रुतली,
पोचायला अकरा वाजले.
बिमुर्झा अंगणातच उभा, हातात वही.
वहीत परवलीचा शब्द:
आईचं नाव, मग हिमकडा कोसळला ते वर्ष,
मग एक उद्गारचिन्ह, माझ्याच सांगण्यावरून.
"बायकोलाही सांगितला नाही, इआम्झे.
मग ते शिरले कुठून?"

ते, म्हणजे ज्यांना कुणी पाहिलं नाही.
पोलंडची एक पाहुणी त्याच्या ओसरीवर बसून
बँकेचं पान उघडत होती.
पान बँकेचं नव्हतं.
सकाळी कुब्दारीचा घास तोंडात तसाच राहिला तिच्या,
आणि गावात झालं की बिमुर्झाच्या घरात पैसे जातात.

खाटेखालून मी राउटर ओढला.
धूळ, एक मेलेली गांधीलमाशी,
चार हिरवे दिवे, काही घडलंच नाही असे लुकलुकणारे.
लॅपटॉप जोडला. दारावरचं पान आलं, सभ्य, अदबशीर:
नाव सांगा. शब्द सांगा.
मी काहीच सांगितलं नाही.
पत्त्याच्या शेपटीला जरासं वेगळं वळण दिलं
(कोणतं ते इथे लिहीत नाही)
आणि माजघर समोर सताड.
पाहुण्यांना वाट दाखवणारी यादीच कुणी बदलून ठेवलेली,
फेब्रुवारीत.

तो वहीकडे बघत राहिला.
मी म्हटलं, शब्द चांगला होता.
कुलूप शाबूत आहे.
फक्त विचारायचं कुणी, हे बनवणाऱ्याने
एकाच दारावर लिहिलं,
बाकीच्या दारांना वाटलं की विचारून झालं असेल.

बराच वेळ तो बोलला नाही.
मग मला मागच्या बुरुजाशी घेऊन गेला.
आठशे वर्षांचा दगड, आणि जमिनीलगत दारच नाही.
दार वर, दोन पुरुष उंचीवर.
"शत्रू आला की शिडी आत ओढायचे.
कुलूप कधी लावलंच नाही आम्ही."

हेच, मी म्हटलं. अगदी हेच.
बाहेरच्या जगातून राउटर चालवायची सोय,
ती शिडी. कुणी लावली?
"मेस्तियाच्या दुकानदाराने. म्हणाला, सोयीचं पडतं."
सोयीचंच पडलं की.

शिडी ओढली.
मग नवी दुरुस्ती शोधायला कंपनीच्या पानावर गेले.
तिथे एक ओळ: हे मॉडेल आता आमचं नाही.
माणूस मेल्यावर निदान जेवण घालतात,
हे यंत्र चार वर्षांपूर्वी वारलं
आणि बिमुर्झा त्याला अजून वीज पाजत होता.

गाडीतून नवा डबा आणला.
आधी दुरुस्ती चढवली, मग तारा.
पाहुण्यांसाठी वेगळं जाळं, घरच्यांचं वेगळं;
पाहुण्याने पलंगावर झोपावं, तिजोरीवर नाही.
दुरुस्त्या यापुढे रात्री आपोआप.
शब्द टाकताना मी पाठ फिरवली.
तो एकेक अक्षर पुटपुटत होता, आईला हाक मारल्यासारखा.
मी ऐकलं. त्याला बदलायला लावला.
रागावला.

पोलिश बाईंना पत्र लिहायचं ठरलं,
काय लिहायचं ते ठरलं नाही.
पैसे मी घेतले अर्धेच; उरलेल्याचं मीठ दिलं त्याने,
लसणाचं, कागदात बांधून,
गाडीला अजून वास आहे.

निघताना अंधार.
बोंबोरा, त्याची केसाळ कुत्री,
सकाळी माझा हात चाटून गेलेली,
दुपारी माझ्या ताटातलं हाड खाल्लेली,
फाटकाशी आडवी आली आणि भुंकायला लागली.
"अगं, तिला ओळखतेस तू!" बिमुर्झा ओरडला.

ओरडू नकोस, मी म्हटलं.
आणि हात पुढे करून उभी राहिले,
तिचं हुंगून होईपर्यंत.